कुंकू, कुंकू, शेंदूर

कोणताही सेट दुकानात आला की मी आधी त्याच्या पाठीमागचे स्क्रू बघतो. खाचेत नवी चमक दिसली की समजायचं, आपल्या आधी कुणीतरी उघडून गेलाय. गिऱ्हाईक देवाची शपथ घेऊन सांगतं की घरी कुणी हात लावलेला नाही. मी ऐकून घेतो आणि खाच बघतो. पोलादपूरला हायवेच्या कडेला चाळीस वर्षं रेडिओ, टेप, टीव्ही दुरुस्त केले. माणसांबद्दल मला जे कळलं ते तिथंच कळलं. माणूस एक सांगतो, स्क्रू दुसरं सांगतो.

शाळा माझी चौथीपर्यंत. काम शिकलो मुंबईला, एका दुकानात फरशी पुसता पुसता. तिथल्या उस्तादाला एक गोष्ट मी कधी कळू दिली नाही. मला रंग नीट दिसत नाहीत. लाल, शेंदरी, तपकिरी, हिरवा हे सगळे मला एकाच चिखलातून काढल्यासारखे वाटतात. ज्याला हे काम ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगतो. रजिस्टन्स म्हणून एक तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी नळी असते. तिच्यावर आकडा नसतो, रंगाचे पट्टे असतात. पट्टे वाचले की त्याचं माप कळतं. मला ते वाचता येत नव्हते. मी एकेक दाणा मीटरला लावून मोजायचो, आणि मोजताना कुणी बघत नाही ना हे आधी बघायचो.

लग्न झाल्यावर सहा महिन्यांत बायकोने मला पकडलं. एका ट्रकच्या टेपमध्ये मी चुकीचा रजिस्टन्स टाकला आणि धूर निघाला. ती डबा घेऊन आली होती. वाकून बघितलं आणि बोलली, "ह्यो शेंदरी हाय, आधीचा लाल होता. तुमाला दिसत नाय काय?" दुसऱ्या दिवसापासून ती दुपारी दुकानात येऊन माझ्या शेजारी बसायला लागली. गावात सांगितलं, घरी करमत नाही.

तिला अक्षर येत नव्हतं. पण तिने दहा रंगांना आपली दहा नावं ठेवली. काळा म्हणजे मणी. तपकिरी म्हणजे कात. लाल कुंकू, शेंदरी शेंदूर, पिवळा हळद, हिरवा चुडा, निळा नीळ. मग जांभूळ, राख आणि मीठ. ती पट्टे वाचायची, मी मनात आकडे लावायचो. "कुंकू, कुंकू, कुंकू" म्हणजे दोन हजार दोनशे. "कुंकू, कुंकू, शेंदूर" म्हणजे बावीस हजार. गिऱ्हाइकाला वाटायचं बाई काहीतरी पुटपुटते, जप करत असेल. एवढ्या वर्षांत तिचा एक पट्टा चुकला नाही. हे ध्यानात ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील. महाडचा एक ट्रकवाला होता, त्याच्या गाड्यांचे टेप माझ्याकडेच यायचे. कशेडी घाट चढायच्या आधी ड्रायव्हर गाडी लावून चहा प्यायचे आणि तेवढ्यात मी त्यांचा टेप वाजता करायचो. त्या ट्रकवाल्याचा धाकटा मुलगा इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवायला होता. आम्ही त्याला सर म्हणायचो. एक दिवस तो स्कूटरवर आला. खांद्याला पिशवी, पिशवीत कागदांची भेंडोळी. बोलला, "काका, मला एक सर्किट बांधायचंय. माझा हात सोल्डरवर बसत नाही. कॉलेजातला माणूस पाच वाजले की कुलूप लावतो. तुमच्याकडे बसू का?"

मी विचारलं, कशाचं सर्किट? रेडिओ का? नाही बोलला. अॅम्प्लिफायर? नाही. मग करतं काय? तो हसून बोलला, "काही करत नाही, काका. नुसतं भरकटतं."

चाळीस वर्षांत असं सर्किट कुणी माझ्याकडे बांधायला आणलं नव्हतं. माझा पहिला संशय तिथं आला.

त्याने मग मला बसवून समजावलं, आणि मला जेवढं कळलं तेवढं लिहितो. कंडेन्सरला वीज दिली की तो भरत जातो. ते भरणं सरळ, पूर्ण एकच्या हिशेबाने असतं. याला पाहिजे होतं एक नाही, अर्धं नाही, शून्य दशांश नऊ. मी बोललो, म्हणजे आमची पावकी-निमकी. शाळेत मी तेवढीच शिकलोय. तो खूश झाला. बोलला, "बरोबर, काका. लोक एकाचा पाढा म्हणतात, मी पाऊणकीच्या थोडा पुढचा म्हणतोय." असा नऊ-दशांशाचा कंडेन्सर बाजारात मिळत नाही. तो बनवावा लागतो. तीन रजिस्टन्स आणि तीन कंडेन्सर जोड्या-जोड्यांनी साखळीत गुंफायचे, आणि मापं अशी की ऐकून हसू येईल. एक बासष्ट मेगा आणि वर काहीतरी, म्हणजे सहा कोटींच्या पुढे. दुसरा अडीच लाख. तिसरा अडीच हजार. यातला एकही दुकानात तयार मिळत नाही. दहा-दहा मेगाचे सहा जोडा, वर दोन पॉइंट दोनचा, वर आणखी एक बारका. अशा तीन साखळ्या. रेडिओत शंभरात दहा इकडे-तिकडे झाले तरी गाणं वाजतं. इथं नाही वाजणार, बोलला.

आणखी एक सांगितलं त्याने. असल्या सर्किटला मागचं आठवतं. कालचं ठळक, परवाचं पुसट, पण पुसून जात नाही काही.

त्याला ते एवढं का पाहिजे होतं तेही सांगतो. त्याची नोकरी कच्ची होती. डॉक्टरकी, म्हणजे ती पीएच.डी., मिळाली तर पक्की होणार, आणि डॉक्टरकीसाठी पुण्याला परीक्षकासमोर हे सर्किट चालवून दाखवायचं होतं. नाही चाललं तर घरून एकच हुकूम होता: मोठा भाऊ कुवेतला आहे, त्याच्याकडे जा. बापाने पासपोर्टसुद्धा काढून ठेवला होता. याला जायचं नव्हतं.

तीन महिने तो येत राहिला. बायको पट्टे वाचायची, मी सोल्डर करायचो, तो कागदावर टिक करायचा. कात, मणी, नीळ. कात, मणी, नीळ. सहा वेळा. तिला तो आवडला. चहाबरोबर तिने त्याला आंबोळी द्यायला सुरुवात केली, आणि ती मला रविवारीसुद्धा मिळायची नाही. तो तिला काकी म्हणायचा आणि पट्टे तिच्याकडून शिकायचा. एकदा बोलला, कॉलेजात मुलं इंग्रजी ओळ पाठ करतात रंगांसाठी, काकींची पद्धत बरी. ती बोलली, "त्यांला सांग, कुंकू इसरत नाय कोण."

मे महिन्यात ते एकदा चाललं. त्याने कॉलेजातून हिरव्या पडद्याचा स्कोप आणला होता. पडद्यावर एक ठिपका फिरायला लागला. डावीकडे दोन-चार फेरे, मग एकदम उजवीकडे, तिकडे सात फेरे, परत डावीकडे. कधी जाईल ते सांगता येईना. बायको बघत राहिली आणि बोलली, "खळ्यात दोन मेढी रोवल्यात आनी बैल आपल्या मनाने फिरतोय. एका पावलावर दुसरा पाऊल ठेवत नाय." सर बोलला, मी दोनशे पानं लिहिली त्यात हे एवढं नीट लिहिलेलं नाही.

मी मात्र दुसरीच गोष्ट बघत होतो. त्याच संध्याकाळी मी त्याला परत विचारलं, याचा उपयोग काय. तो आनंदात होता, बोलून गेला. "या गोंधळात माणसाचं बोलणं मिसळता येतं, काका. बाहेरच्याला नुसती खरखर ऐकू येईल. ज्याच्याकडे असंच दुसरं सर्किट असेल त्यालाच ते परत काढता येईल." आणि वर बोलला, "छापून येईपर्यंत कुणाला दाखवू नका."

झालं. माझ्या डोक्यात ते बसलं.

मग मी एकेक स्क्रू बघायला लागलो. याचे चिप मुंबईत का मिळत नाहीत? कुवेतचा भाऊ खजुराच्या डब्यात घालून का पाठवतो? हा कागद घरी का नेतो, इथं का ठेवत नाही? आणि तो मुसलमान होता. हे वगळून लिहायचं असेल तर मग लिहूच नये. त्याच्या बापाकडे मी ईदला जेवलो होतो, बापाबद्दल मला कधी काही वाटलं नाही. पण ते दिवस तसे होते. मुंबईत काही झालं की इथं चौकशा व्हायच्या. समोरच्या चहावाल्याने तर रोजचाच लकडा लावला. "काय मेकॅनिक, बॉम्ब झाला काय तयार? पंचनाम्याला मलाच बोलवा, मी साक्षीदार म्हणून चहा पाजीन." तो थट्टा करायचा. त्याच आठवड्यात पोलीस स्टेशनातला एक शिपाई आपला रेडिओ घ्यायला आला आणि सहज विचारलं, ते डबडं कसलं. मी बोललो, व्होल्टेजचं. खोटं का बोललो ते मला आजही सांगता येत नाही. पण एकदा खोटं बोललो आणि मग मलाच वाटायला लागलं की लपवण्यासारखं काहीतरी असणार.

बायकोला सांगितलं. ती बोलली, "सगळ्यांच्या पाठीचे इस्क्रू बघता. तो पोरगा हाय, सेट नाय."

पावसाळा लागला. पुण्याचा दिवस श्रावणात ठरला. पुण्याला न्यायच्या पेटीत बसवायचा नवा, साफ बोर्ड बांधायचा होता. महागाचे चिप जुन्या बोर्डावरून काढून नव्यावर चढवले, म्हणजे जुना आता नुसता सांगाडा राहिला. रोज दुपारी आम्ही तिघं बसलो. आमच्याकडची हवा तुम्हाला माहीत असेल, भिंतीला हात लावला तर हात ओला होतो. बासष्ट मेगाच्या रजिस्टन्सवर बोटाचा घाम लागला तरी माप बिघडतं. बायकोने पापडाचा पत्र्याचा डबा काढला, तळाला भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी ठेवली आणि बोर्ड रात्रीचा त्यात घालायला लागली.

शेवटची साखळी राहिली त्या दिवशी सर लवकर गेला आणि ती देवळात गेली. मी एकटा होतो. बावीसशेचा रजिस्टन्स तिने आधीच वाचून जागेवर लावून दिला होता. मी तो काढला. डब्यातून मीटर लावून, मोजून, बावीस हजाराचा शोधला आणि तिथं ठेवून सोल्डर केला. ती दुकानात बसायला लागल्यापासून पहिल्यांदा तिच्याशिवाय रजिस्टन्स निवडला, तो असा. मला दोन्ही सारखेच दिसत होते. मी मनाशी बोललो, कुणाचं काही बिघडत नाही. सर्किट चालणार नाही, हा ते घेऊन जाईल, माझ्या दुकानातून ब्याद जाईल. पोराची नोकरी मला आठवली नाही असं नाही. आठवली. कुवेत काय वाईट आहे, असं बोललो मनाशी.

दुसऱ्या दिवशी चालू केलं. बैल एकाच मेढीला. गोल गोल, एकाच पावलावर पाऊल. सर पांढरा पडला. हवा दमट आहे बोलला. मीही तेच बोललो. बल्ब लावून बोर्ड शेकला, स्पिरिटने पुसला, चिप बदलून बघितले. आठ दिवस तो पावसाला शिव्या देत होता आणि मी हो ला हो करत होतो. आठ दिवस मी त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही. बायको बघत होती, पण त्याच्याकडे की माझ्याकडे, ते मी बघितलं नाही.

पुण्याला जायच्या आदल्या दिवशी मी महाडजवळच्या नाते गावाला एका घरी टीव्ही दुरुस्त करायला गेलो होतो. मुद्दाम गेलो. ते काम दोन दिवसांनी केलं असतं तरी चाललं असतं. परत आलो तेव्हा दुकानात ती एकटी. टेबलावर पेटी नाही, स्कोप नाही. मी विचारलं, गेला का?

"गेला. चालला त्याचा. दोनी मेढी फिरला बैल."

कसं चाललं, असं विचारायची हिंमत झाली नाही. घरी तिने ताट वाढलं आणि मीठ वाढता वाढता बोलली, "तुमचा आता मीटरवर पन भागताय वाटता." मला वाटलं, नात्याच्या टीव्हीबद्दल बोलते, तिच्याशिवाय काम केलं म्हणून टोमणा. मी जेवलो.

सर सकाळच्या एसटीने वरंध घाटातून पुण्याला गेला, मांडीवर पेटी घेऊन. दहा दिवसांनी पेढे घेऊन आला. डॉक्टर झाला. पुढे नोकरी पक्की झाली. पासपोर्ट तसाच कोरा राहिला म्हणे.

आता माझा खरा संशय सुरू झाला. मला खात्री होती की याने तो रजिस्टन्स शोधला, स्वतः बदलला आणि कुणी टाकला ते त्याला कळलंय. मग बोलत का नाही? दिवाळीला फराळ न्यायला यायचा, ईदला शिरखुर्मा पाठवायचा, बायकोच्या पाया पडायचा. मला वाटायचं, हा डाव आहे. कधीतरी चार माणसांत काढणार. तो हसला की मला वाटायचं, आता काढतो. चार-पाच वर्षं मी त्याच्यासमोर नीट चहा प्यालो नाही. ज्याचं वाईट केलं त्याच्याच चांगुलपणाचा संशय घेत बसलो. असा मी.

मग ती गेली. छातीत दुखतं बोलली, महाडला नेईपर्यंत संपलं. त्याबद्दल मला जास्त लिहिता येत नाही. दुकान बंद ठेवलं. एकदा उघडून डबे काढले, तर सगळे दाणे एका रंगाचे. परत झाकण लावलं.

तेरावा झाल्यावर सर घरी आला. केस थोडे पिकलेले. ती बसायची त्या रिकाम्या पाटाकडे बघत बसला. मग आपण होऊन बोलायला लागला. बोलला, काका, मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण काकींनी शपथ घातली होती. पुण्याच्या आदल्या दिवशी मी पेटी न्यायला आलो तेव्हा त्या बोर्ड मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पहिल्या दाण्यापासून सगळे परत वाचत होत्या. शेवटच्या साखळीत थांबल्या आणि बोलल्या, "माझ्या डोळ्याची चूक झाली रे बाबा. कुंकवाच्या जागी शेंदूर वाचला. ह्यांला सांगू नको, मला ओरडतील." त्यांनी स्वतः सोल्डर धरून तो काढला, मी दुसरा लावला. तेव्हा चाललं.

मग तो पुढचं बोलला. तो दर वर्षी नव्या मुलांना ही गोष्ट सांगतो. पहिल्याच तासाला. रंग दोनदा वाचा, असं शिकवायला. एक काकी होत्या, मी पाहिलेल्यांत सगळ्यांत चांगली नजर, पण त्यांचीही एकदा चूक झाली आणि माझी डॉक्टरकी जाता जाता राहिली. प्रेमाने सांगतो. नाव घेत नाही. दर वर्षी साठ मुलं ऐकतात.

म्हणजे तो दाणा दिसताच तिला कळलं होतं, हा कुणी टाकला. तिने लावलेला कुंकवाचा, तिथं शेंदूर. त्या दिवशी सर गेल्यावर दुकानात माझ्याशिवाय कोणी नव्हतं. आणि मीटरवरचा तो टोमणा. मी तो जेवणाबरोबर गिळला होता, चार-पाच वर्षं न कळता.

घरात मी आणि तो दोघंच होतो. गप्प राहिलो असतो तर कुणाला काही कळलं नसतं. तिनेच तशी तजवीज करून ठेवली होती. पण तिची एक गोष्ट खरी होती, एकच, जी कुणी तिच्याकडून काढून घेऊ शकलं नसतं, आणि तीच हा दर वर्षी काढून घेत होता, न कळता.

मी बोललो, "तिची चूक नव्हती. मी टाकला."

त्याला वाटलं, दुःखात बोलतोय. "काका, असू द्या, होते माणसाची चूक."

"चूक नाय. मुद्दाम टाकला. बावीस हजाराचा. मीटर लावून शोधला, कारण मला रंग दिसत नाहीत. कधीच दिसले नाहीत. हे दुकान तिच्या डोळ्यांवर चाललं."

त्याने एकच शब्द विचारला. "का?"

मी बोललो, "तुमचा संशय आला."

कसला ते त्याने विचारलं नाही. त्याला कळलं असणार. असं त्याला आयुष्यात पहिल्यांदा कळलं नसणार. तो उठला, बाहेर पडवीत जाऊन उभा राहिला, हायवेकडे तोंड करून. मला वाटलं, गेला. दोन ट्रक घाटाकडे गेले एवढा वेळ झाला. परत आत आला आणि तिच्या पाटाच्या बाजूलाच जमिनीवर बसला. माझ्या बाजूला नाही.

"मी मुलांना काय सांगू आता?" बोलला.

"सांगा, दुकानदाराने मुद्दाम बिघडवला. बाईने वाचून काढला. तिचा एक पट्टा कधी चुकला नाही, असं सांगा. माझं नाव सांगायचं तर सांगा."

"बघतो," बोलला. चहा ठेवू का विचारलं, तर नको बोलला. पहिल्यांदाच नको बोलला या घरात.

त्यानंतर तो दिवाळीला आला नाही. ईदला शिरखुर्म्याचा डबा आला, पण ड्रायव्हरच्या हातून. मी डबा धुऊन, त्यात घरचे तांदूळ भरून परत पाठवला. वर्गात तो आता काय सांगतो, मला ठाऊक नाही. त्याच कॉलेजातल्या एका पोराचा मोबाईल मागे माझ्याकडे दुरुस्तीला आला होता. पहिल्या वर्षाला होता. विचारलं असतं तर सांगितलं असतं त्याने. मी स्क्रू काढले, काम केलं, स्क्रू लावले आणि मोबाईल त्याच्या हातात दिला.